बांधलेला दशक

वैष्णवीच्या कागदावरचं एकूण एक उत्तर शून्यानं संपत होतं. बावन्न वजा सदतीस, वीस. त्रेचाळीस वजा अठरा, तीस. एकसष्ट वजा पंचवीस, चाळीस. झीनतनं पहिल्या उत्तरावर लाल फुली मारली, दुसऱ्यावर मारली आणि तिसऱ्यावर पेन टेकवताना तिचा हात जागीच थांबला. मुलं चुकतात तेव्हा अशी शिस्तीत चुकत नाहीत. एक इकडं घसरतं, एक तिकडं, कुणी तिनाचा आठ करतं, कुणी खालची संख्या वरून वजा करतं. इथं मात्र चुकांनी रांग धरली होती, प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. शाळा सुटून गेली होती. शेजारच्या शेडमधल्या मागांची खटखट, जी दिवसभर पोरांच्या कलकलाटाखाली दबलेली असते, ती आता मोकळेपणानं वर्गात येऊन बसली होती. तिनं गठ्ठ्यातला दुसरा कागद ओढला. वीस, तीस, चाळीस. तिसरा. तसाच. आधी तिला वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलंय मेल्यांनी. पण तिसऱ्या रांगेतली मुलगी पहिल्या रांगेतल्याचं कसं बघणार? अर्धा वर्ग एकाच वाटेनं चुकला होता, आणि ती वाट त्यांना कुणीतरी दाखवली असणार. वाट दाखवायचं काम तिसरीच्या वर्गात एकटी झीनत करत होती. सकाळीच मुख्याध्यापक शिवशरण सर हजेरीपटावर सही घेताना गोड आवाजात म्हणाले होते, "पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख येणार आहेत बाई. तिसरीची वजाबाकी बघणार म्हणाले. ती नीट नाही निघाली तर मग आपण ते तयार वर्कबुक घेऊ. तुमचे हे हातचे कागद बंद करू. तुम्हालाही आराम." आराम हा शब्द त्यांनी असा उच्चारला की झीनतला तो शिक्षेसारखा ऐकू आला.

हे हातचे कागद म्हणजे झीनतच्या नोकरीतली एकमेव हौस होती. बाकी सगळं, माहिती भरणं, फोटो चढवणं, आधार क्रमांक जुळवणं, ती पगाराला जागून करायची. वर्कशीट मात्र ती स्वतःसाठी करायची. कोरा कागद आडवा धरायचा, पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत गणित आणि गणिताशेजारी चित्र, दहा काड्यांची दोऱ्यानं बांधलेली जुडी आणि बाजूला सुट्या काड्या. वरून काळ्या पेननं गिरवून पेन्सिल पुसायची आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन द्यायचं. लोकांना वाटतं, वजाबाकीची गणितं काय, कुठल्याही दोन संख्या घ्या आणि एकीखाली दुसरी मांडा. तसं नसतं. पहिलं गणित असं हवं की मुलाला वाटावं, हे मला येतंय. दुसरं तसंच, पण जरा लांबचं. तिसऱ्यात एकक कमी पडला पाहिजे, पण अगदी थोडा, म्हणजे धक्का बसेल आणि पडणार नाही. अकरा-बारा अशा संख्या सुरुवातीला टाळायच्या, शून्य शेवटी आणायचं, एकच उत्तर दोनदा येऊ द्यायचं नाही, नाहीतर चलाख पोरं उत्तराचा वास घेतात. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. हे तिनं तिचं तिनं शोधलं होतं, पोळीचा अंदाज हाताला यावा तसं, आणि शिवशरण सर ज्याला तयार वर्कबुक म्हणत होते त्यातलं पहिलंच गणित एककात शून्य घेऊन सुरू होत होतं. असल्या पुस्तकाच्या हाती आपली पोरं द्यायची या विचारानंच तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण आज राग गिळून बघावं लागत होतं की चूक तिच्याच कागदावर उगवली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं वैष्णवीला जवळ बोलावलं. वैष्णवी ही घरी तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी बोलणारी आणि भांडताना दोन्ही वापरणारी पोरगी. दोन वेण्या, एका वेणीला रिबिन, दुसरीला सूत. झीनतनं कागद पुढं ठेवला आणि बावन्न वजा सदतीसवर बोट ठेवलं. "इथं सुट्या किती आहेत?" "दोन." "द्यायच्या किती?" "सात." "मग?" "दोन दिल्या. संपल्या." तिनं शून्याकडं बोट केलं, जणू पुरावाच दाखवला. "आणि उरलेल्या पाच?" "त्या उद्या." "उद्या कुठून येतील?" "आई वळती की." झीनतला हसू आलं आणि हसता हसताच तिचं लक्ष जुडीच्या चित्रावर गेलं. "अगं, पण या जुडीत दहा आहेत ना? यातली एक जुडी सोडायची, पाच घ्यायच्या." कुणी शहाणं माणूस एकदम भलतंच बोललं की आपण जसं बघतो, तसं वैष्णवीनं तिच्याकडं बघितलं. मग समजूत घालावी तसं हळू आवाजात म्हणाली, "बांधलेलं सोडत न्हाईत बाई. सोडलेलं घेत न्हाईत ब्रँचमधे."

वैष्णवी उड्या मारत अंगणात गेली, आणि झीनत तशीच खुर्चीत बसून राहिली, मांडीवर हात उलटे पडलेले. ब्रँच हा शब्द तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि ऐकल्याबरोबर तिच्या नाकात तंबाखूचा तो वास आला, गोडसर, घशाला खवखवणारा, जो तिच्या लहानपणी भांड्यांना, अंथरुणांना, रमजानच्या शिरखुर्म्यालासुद्धा होता. तिची अम्मी जमीला उंबऱ्यात पाय पसरून बसायची. मांडीवर सूप, सुपात ओली पानं आणि चिमटीचिमटीनं तंबाखू. पान कापलं, तंबाखू भरली, वळली, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला. अम्मी बोलायची, भांडायची, शेजारणींना हाका मारायची, पण बोटं कुणाचंच ऐकत नसत, ती आपली वळतच राहायची. पंचवीस विड्या झाल्या की कट्टा बांधायचा. संध्याकाळी कट्टे टोपलीत रचून विडी कंपनीच्या ब्रँचवर न्यायचे, तिथं बसलेला तपासणारा एकेक कट्टा नाकासमोर धरून बघायचा, आणि ज्याचा दोरा ढिला किंवा विड्या चेपलेल्या तो बाजूला फेकायचा. छाट म्हणायचे त्याला. एकदा बांधून सोडलेला कट्टा परत कितीही नीट बांधा, तपासणाऱ्याला कळायचाच. झीनत तेव्हा पहिलीत होती, नुकतीच शंभरपर्यंत मोजायला शिकली होती, आणि मोजता येतंय म्हणून जग तिला मोजण्यासाठीच मांडून ठेवल्यासारखं वाटत होतं. पायऱ्या मोज, बकऱ्या मोज, खिडकीचे गज मोज. एका दुपारी टोपलीतला वरचा कट्टा तिनं उचलला. यात खरंच पंचवीस असतात का, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं दोरा सोडला, विड्या फरशीवर मांडल्या, मोजल्या. बरोबर पंचवीस. एवढा आनंद तिला नंतर निकालातसुद्धा झाला नाही. ती हे सांगायला तोंड उघडणार तोच गालावर चपराक बसली. "बांद्या सो खोलनेका नै, कित्ती बार बोलनेका?" अम्मी म्हणाली आणि बोटं न थांबवता पुढची विडी वळू लागली. चपराक काही फार जोरात नव्हती. पण आनंद आणि चपराक एकाच क्षणी आली होती, आणि त्या दोघांची गाठ आत कुठंतरी बसली ती कायमची.

आणि मग झीनतला खुर्चीत बसल्या बसल्या दुसरी गोष्ट कळली, जी पहिलीपेक्षा विचित्र होती. तिनं स्वतः आयुष्यात एकदाही दशक सुटा केला नव्हता. शाळेत बाईंनी फळ्यावर जुडी सोडून दाखवली तेव्हा तिनं मान खाली घातली होती, आणि घरी जाऊन आपली वेगळीच वाट शोधली होती. सदतीसवरून बावन्नपर्यंत जायचं, बोटांवर, फ्रॉकच्या घेराखाली, तीन गेले की चाळीस, मग दहा गेले की पन्नास, मग दोन. पंधरा. उत्तर बरोबर यायचं. उत्तर बरोबर येतंय म्हटल्यावर कसं आलं हे कोण विचारतं? दहावी झाली, डी.एड. झालं, नोकरी लागली, भाजीवाल्याशी हिशेब झाले, वर्गात रोज ती फळ्यावर वरच्या अंकाला तिरकी रेघ मारून 'दशक सुटा केला' म्हणत होती, आणि आत एक लहान मुलगी फ्रॉकखाली बोटं मोजत वर चढत होती. शिक्षिका तोंडानं एक करत होती आणि डोक्यानं दुसरं. आणि पोरं? पोरं बाईंचं तोंड बघत नाहीत, हात बघतात. तिच्या प्रत्येक कागदावर जुडी कशी ठसठशीत काढलेली, दोऱ्याची गाठसुद्धा काढलेली, आणि सुटलेली जुडी मात्र एकाही चौकटीत नाही. ती चौकट तिनं कधी काढलीच नव्हती. तिला हे आजवर दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तर दुसरं काही दिसेना. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग, लाज वाटेल इतका, एक आनंद वर आला. चूक कुठं होती ते सापडलं होतं. पोरं ढ नव्हती. ती आपापल्या विड्या वळणाऱ्या आयांचं ऐकत होती.

घरी गेल्यावर तिनं अम्मीला विचारलं. जमीला आता खाटेवर बसून असायची. ब्रँच सुटून कैक वर्षं झाली, पण टीव्ही बघताना तिचा अंगठा अजून तर्जनीवर फिरायचा, रिकामाच. "अम्मी, मैं कट्टा खोली करके तुम मेरेकू मारे थे, याद है?" "मैं मारी?" जमीलानं टीव्हीवरून नजर काढली नाही. "कायकू मारती मैं?" "बांद्या सो खोली मैं. गिनने को." अम्मी म्हणाली, "पच्चीसच निकले ना?" "हां." "फिर?" आणि तिला खरंच खूप हसू आलं, दात नसलेलं, डोळ्यात पाणी आणणारं हसू. "पच्चीसच निकले तो फिर मारनेका कायकू?" झीनत तिच्याकडं बघत राहिली. ज्या हातानं मारलं तो विसरून गेला होता आणि ज्या गालाला लागलं त्यानं त्यावर एवढा संसार उभा केला होता. तिला अम्मीचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला फक्त वाटलं, हे आता बास झालं.

बास झालं म्हणायला सोपं, पण कागदावर काय काढायचं? पोरांच्या घरात बांधलेलं ते बांधलेलंच राहतं. मग असं काय असतं जे बांधतात ते सोडण्यासाठीच? ती भाजीच्या जुड्यांपाशी थांबली, फुलांच्या पुड्यांपाशी थांबली, बांगड्यांच्या दुकानात उगाच उभी राहिली. उत्तर शाळेतच मिळालं. पोषण आहार शिजवणाऱ्या शरणम्मा अक्कलकोटकडच्या, घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना देत, दहादहाची चळत कागदात घालून सुतळीनं बांधलेली. त्या दिवशी शिक्षकांसाठी त्यांनी एक चळत आणली होती, शेंगाचटणीबरोबर. बोलता बोलता त्यांनी सुतळी दातांनी तोडली, कागद फाडला आणि भाकऱ्या परातीत मोकळ्या केल्या. "मीठ जरा कमीच पडलंय बघा बाई," एवढंच त्या म्हणाल्या. झीनत तुटलेल्या सुतळीकडं बघत होती. "मी एक विचारू का?" ती म्हणाली. "या चळती मी कागदावर काढल्या तर चालतील?" "काढा की. भाकरीचं काय चित्र काढायचं असतंय, लई तर गोल," शरणम्मा म्हणाल्या आणि भात बघायला गेल्या.

रविवारची सकाळभर झीनत काढत बसली. ताटात सुट्या भाकऱ्या दोन, बाजूला बांधलेल्या पाच चळती, दारात पाहुणे. एक चळत सोडा, ताटात ठेवा, किती झाल्या ते लिहा, मग वाढा. प्रत्येक गणिताला तिनं दोन चौकटी केल्या, बांधलेली आणि सोडलेली. पहिला कागद भाकऱ्यांचा, दुसरा अर्धा भाकऱ्यांचा आणि अर्धा काड्यांचा, तिसरा नुसत्या काड्यांच्या जुड्यांचा, कारण भाकरीपाशी थांबलं तर भाकरीचीच वजाबाकी येणार. तिसऱ्या कागदावर तिनं बावन्न काढले, दोऱ्याच्या गाठीसकट, आणि शेजारची चौकट रिकामी. आता इथं सुटलेली जुडी काढायची. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. गाल गरम झाला. तिला स्वतःचीच गंमत वाटली, एवढी मोठी बाई, दोन पोरांची आई, आणि चित्रातला दोरा सोडायला घाबरते. मग तिनं एक काडी काढली, आडवी, मोकळी. दुसरी, तिसरी. दहा काड्या चौकटभर पसरल्या, विस्कटलेल्या, कुणी बांधायला न आलेल्या. दहा आणि दोन बारा. बारातून सात गेले, पाच. चार जुड्यांतून तीन गेल्या, एक. पंधरा. पंधराच येणार हे तिला ठाऊक होतं, शेकडो वेळा आलं होतं. पण आज ते खालून वर चढत आलं नव्हतं, आज ते समोरच पडलं होतं, उघडं. तिनं पेन्सिल ठेवली आणि मोठ्यानं हसली. अम्मीनं आतून विचारलं, काय झालं. "कुछ नै," ती म्हणाली, "पंद्रा आए."

भाकऱ्यांच्या कागदावर वर्ग तुटून पडला. पाहुण्यांना नावं दिली गेली, एकीनं आपल्या मामाला मुद्दाम शिळी वाढली. वैष्णवीनं सगळी गणितं बरोबर केली. पण तिसऱ्या कागदाला आली आणि जुडीपाशी अडली. दोऱ्यावर पेन्सिल ठेवून बसून राहिली, मग पुन्हा शून्य लिहिलं. झीनतनं तिला सोड म्हटलं नाही. सोड म्हणणं म्हणजे पुन्हा कुणाचं तरी ऐकणंच झालं असतं. तिनं फक्त शेजारी बसून आपली एक जुडी काढली आणि मोकळी केली, वैष्णवी बघत असताना, आणि उठून दुसऱ्या बाकाकडं गेली. बाकीची पोरं एकेक करून सोडायला लागली. वैष्णवी नुसती बघत होती. आणि केंद्रप्रमुख आले.

बिभीषण सर अकलूजकडचे, उंच, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. हातात ते तयार वर्कबुक होतंच. शिवशरण सरांनी हुशार पोरांच्या रांगेकडं हात केला, पण असले हात ओळखण्यातच बिभीषण सरांची सगळी नोकरी खर्ची पडली होती. ते सरळ मागच्या बाकाशी गेले. "नाव काय तुझं?" "वैष्णवी." "चल फळ्यापाशी." बिभीषण सरांनी वर्कबुक उघडलं, दोन पानं उलटली, आणि खडू घेऊन फळ्यावर दहा जुड्या काढल्या, त्यांच्याभोवती एक मोठा वेढा, वर गाठ. "हे शंभर. यातून सदतीस काढ बघू." झीनत खुर्चीवरून अर्धी उठली. "सर, शंभरातून अजून घेतलं नाही आम्ही. दोन अंकीच झालंय." "असू द्या की बाई. बघू तर." शिवशरण सर खिडकीबाहेर बघू लागले, आपला या वर्गाशी संबंध नसल्यासारखे. इथं सुट्या काड्या नव्हत्याच. थोड्या देऊन उरलेल्या उद्या म्हणायचीही सोय नव्हती. सगळं बांधलेलं, आणि बांधलेल्याला वरून पुन्हा बांधलेलं. झीनतला वाटलं, हिनं आता शून्य लिहू नये, चुकलं तरी चालेल, रडली तरी चालेल, पण ते शून्य नको. ते शून्य आलं तर कागद जातील ते जातीलच, पण ही पोरगीही झीनतसारखीच कुठल्यातरी आडवाटेनं बरोबर उत्तरं आणायला शिकेल आणि कुणाला कधी कळणार नाही.

वैष्णवी खूप वेळ उभी राहिली. शेजारच्या शेडमधला माग कुठंतरी अडकून थांबला, तेव्हा वर्ग एकदम मोठा वाटला. मग तिनं तळहातानं वरची गाठ पुसली. गाठ गेली, वेढा गेला, तिचा हात पांढरा झाला, आणि फळ्यावर दहा जुड्या सुट्या उरल्या. तिथं ती पुन्हा थांबली. वैष्णवीनं एकदा मागं वळून बाईंकडं बघितलं, विचारण्यासाठी नव्हे, बघितलं फक्त, आणि वळून शेवटच्या जुडीवरचा दोरा अंगठ्यानं घासून पुसून टाकला. खाली दहा काड्या काढल्या, आडव्यातिडव्या, घाईत. सात खोडल्या. तीन जुड्या खोडल्या. उरलेल्यांवरून बोट फिरवत ओठ हलले, तेलुगूत, आणि तिनं लिहिलं, त्रेसष्ट. बिभीषण सर पुढं झुकून मोजत होते, आणि मोजून झाल्यावर त्यांनी वर्कबुक मिटलं. "हे कसं केलंस गं?" वैष्णवीनं त्यांना उत्तर दिलं नाही. ती झीनतला म्हणाली, "एकच सोडली बाई. बाकीच्या तशाच बांधलेल्या हायत."

झीनतला रडू येईल असं वाटलं आणि आलं ते हसू. आपण जिंकलो, असं तिला अगदी स्पष्ट, निर्लज्जपणे वाटलं. ती, ही पोरगी आणि पहिलीतली ती दुसरी पोरगी, जिला पंचवीस मोजून झालेला आनंद आज कुठं पुरता मिळत होता. बिभीषण सर टेबलावरचा भाकऱ्यांचा कागद उचलून बघत होते. "हे तुमी काढलं? शिवशरण सर, हे पुस्तक राहू द्या तुमच्या कपाटात. बाई, मला याच्या झेरॉक्स द्या की, केंद्रातल्या सगळ्या शाळांना देतो." शिवशरण सर लगेच म्हणाले की आपल्या शाळेत हे सुरुवातीपासूनच चालू आहे. बिभीषण सर जायला निघाले, पोरं उभी राहिली. वैष्णवी मात्र फळ्यापाशीच होती, पांढरा हात फ्रॉकला पुसत. "बाई, शंभराच्या वर काय असतंय? ते पण सोडता येतंय का?" झीनतनं डस्टर घेतलं, फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला, वर एकावर तीन शून्यं लिहिली आणि खडू वैष्णवीच्या हातात दिला. "ये," ती म्हणाली, "सोडून बघू." दारापर्यंत गेलेले बिभीषण सर मागं फिरले आणि मागच्या बाकावर जागा करून बसले.